चाळीस उघडे फोन

उमरग्याच्या एका दवाखान्यात मी नंबर लावते. सास्तूरहून मोटरसायकलवर आलेल्या माणसाला तीन तास बाकावर बसवायचं आणि वर त्याच्या शिव्याही मीच खायच्या, असं सहा वर्षं चाललं. मग शेजारच्या निखतनं मोबाईलवर उघडणारं एक पान बनवलं. कोणाचा नंबर चालू आहे, पुढं किती आहेत, सगळं त्यावर दिसायला लागलं. माणसं बाजार उरकून वेळेवर येऊ लागली. पोरगी हुशार, पण कुणी कौतुक केलं की तिथून पळणारी.

ती कसर तिचे अब्बा भरून काढायचे. गफारचाचा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, इंजिनांच्या आवाजात दोन्ही कान गेलेले. रोज सकाळी बाकावर येऊन बसायचे, येईल त्याचा फोन हातात घ्यायचे आणि पान उघडून द्यायचे. स्क्रीन विझू नये म्हणून सेटिंगही बदलायचे. "बंद करू नका, माझ्या लेकीनं केलंय," असं अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल एवढ्या जोरात सांगायचे. मला हसू यायचं.

नंबरांची यादी ठेवायची जागा इंटरनेटवरची, भाड्याची. तिथं कार्ड द्यावं लागतं. निखतकडं नव्हतं, म्हणून तिनं अब्बांचं दिलं. त्या खात्यात चाचांच्या कानाच्या मशीनचे पैसे होते. तिनं पाचशे रुपयांची मर्यादा घातली आणि निर्धास्त झाली. रिचार्ज संपला की फोन बंद पडतो, तसंच हे असणार, असं तिला वाटलं. मलाही तेच वाटलं असतं. पण ती मर्यादा नव्हतीच, पाचशे ओलांडल्याची नुसती सूचना होती, आणि तो ईमेल जाहिरातींच्या ढिगात पडून राहिला.

पैसे यादी ठेवण्याचे फारसे नव्हते, वाचण्याचे होते. जेवढ्या ओळी वाचल्या, तेवढ्या मोजल्या. निखतचं पान दर पाच सेकंदांनी यादीतल्या ऐंशीच्या ऐंशी ओळी नव्यानं वाचायचं, नंबर पुढं सरको न सरको. एका फोनचं काही नव्हतं, पण दिवसभर चाळीस फोन उघडे. तीन आठवड्यांत खात्यातून सव्वीस हजार गेले.

हे सांगताना निखत माझ्यासमोर रडली. "ताई, एवढे फोन दिवसभर उघडे राहतातच कसे?"

"तुझे अब्बा उघडून ठेवतात की," मी बोलून गेले आणि जीभ चावली. कशाला बोलले, असं अजून वाटतं.

तिनं डोळे पुसले. म्हणाली, "हे फोनचं त्यांना सांगू नका. चूक माझीच आहे, एवढंच मी त्यांना सांगेन." त्याच संध्याकाळी तिनं पान दुरुस्त केलं. आता नंबर सरकला तरच वाचायचं, तेही एकच ओळ.

दुसऱ्या दिवशी चाचा आले, पण बाकावर बसले नाहीत. एकेकाजवळ जाऊन, "बघून झालं ना? मग बंद कर," म्हणत फिरत होते. आता त्याची गरज नव्हती. तरी मला त्यांना थांबवता येईना.

शेवटी ते माझ्या टेबलाशी आले. "वाचायचे पैसे पडतात म्हणाली पोरगी. मग फोन तर म्याच उघडून ठेवले न्हाय का? मला कळलंय, हे तिला सांगू नको. लई जीव जाळंल."

"बरं, चाचा," मी म्हणाले.

त्यांनी हात कानामागं धरला आणि माझ्याकडं वाकले. मी तेच पुन्हा, मोठ्यानं म्हणाले.