ताटकळलेली नळी

घड्याळबाईंना प्रयोगशाळेत सगळे टरकून असत आणि बाईंना ते मनापासून आवडे. रक्ताची नळी दारातून आत आली की बाईंनी मनगटाकडे पाहिलंच म्हणून समजा. "दोन तास! त्याच्यापुढे एक मिनिट झालं तरी ते रक्त मला दाखवायला आणू नका!" मोठ्या डॉक्टरांनाही त्यांनी एकदा असंच हात हलवत परत पाठवलं होतं.

हट्ट उगाच नव्हता. कॅन्सरची गाठ मोठी कावेबाज. ती हाडांतल्या मगजाला सारखे निरोप धाडते, आणि तिथल्या पांढऱ्या पेशी धड पिकायच्या आतच रक्तात येतात. गाठीपाशी पोचल्या की तिथल्या संगतीत पार बदलतात आणि गाठीशी लढणाऱ्या पेशींचेच हात धरून बसतात. नळी यंत्रात गरगर फिरवली की पिकलेल्या पेशी तळाला जातात आणि या कच्च्या मधल्या पांढऱ्या कड्यात तरंगतात. बाई ते कडं उचलून मोजायला देत. पण रक्त ताटकळलं तर पिकलेल्याही हलक्या होऊन वर येतात. मग आकडा खोटाच फुगतो.

आणि शिंपीकाकांचा आकडा फुगला. चांगला दुप्पट! कॅन्सर झालेले काका नव्या औषधाच्या चाचणीत होते, जुनी औषधं सगळी करून झाली होती. आकडा दुप्पट झाला की औषध बंद, असा नियम. चार वाजता त्याचसाठी डॉक्टरांची बैठक होती.

अहवाल हातात येताच बाईंची नजर नळीच्या तारखेवर गेली. गेल्या सोमवारी त्यांचाच सत्कार होता. वीस वर्षांत एक नळी उशिरा नाही म्हणून! केक झाला, भाषणं झाली, मोठे डॉक्टर तर थांबायचं नावच घेईनात. काकांची नळी अकराला आली आणि पुष्पगुच्छामागे उभी राहिली ती साडेतीनपर्यंत. बाईंनी गुपचूप फिरवली आणि वहीत सवयीने लिहून टाकलं, 'लगेच'.

आता काय करायचं? वीस वर्षांचा तोरा एका शब्दावर जाणार होता. पावणेचारला त्या उठल्या आणि तडक बैठकीच्या खोलीत शिरल्या.

"तो आकडा खोटा आहे. नळी साडेचार तास पडून होती. माझ्यामुळे."

"बाई, तुम्ही?" डॉक्टर एवढंच म्हणाले. बाईंना ते फार लागलं.

काकांचं रक्त पुन्हा घेतलं. बाई नळी हातात घेऊन जिना अक्षरशः पळत चढल्या. आकडा आला तो औषध सुरू होण्याआधीच्यापेक्षाही कमी! औषध चालू राहिलं.

दुसऱ्या दिवशी काकांच्या हाताला औषधाच्या बाटलीची सुई लावलेली असताना बाई खुर्चीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. काका ऐकत राहिले, मग खो खो हसले.

"अहो ताई, चाळीस वर्षांत मी किती कापडं चुकीची कापली, गणती नाही! एकाही गिऱ्हाइकाला पत्ता लागू दिला नाही. तुम्ही कशाला सांगत बसलात?"

बाईंचे डोळे भरून आले.

"तुमच्या गिऱ्हाइकाचा जीव जात नव्हता हो, काका."

काकांचं हसू थांबलं. सुई नसलेला हात पुढे करून त्यांनी बाईंचा हात धरला आणि बाटली संपेपर्यंत सोडला नाही.