नारळाचे दोन ठोके

पिंपळगाव रेणुकाईच्या तुळजाबाईने उभं आयुष्य दुसऱ्यांच्या विहिरी खणण्यात घालवलं आणि त्या विहिरींच्या मालकांना मनातून कवडीची किंमत दिली नाही. त्यातही काकासाहेब पाटील तिच्या डोक्यात जायचे. निजामाच्या तहसीलदारापुढे कमरेत वाकणारा हा माणूस, गावात शिरला की त्याची मान ताठ.

पाटलांना आपल्या दोन विहिरी तळातून जोडायच्या होत्या. एकीतून तुळजाबाईची टोळी बोगदा खणत होती, दुसरीतून तिचा नवरा पुंजाराम. मधल्या काळ्या खडकातून हाक जायची नाही, घणाचा ठोका तेवढा जायचा. सुरुंग भरला की पुंजाराम दोन ठोके द्यायचा. इकडची माणसं मागे सरली की इकडून दोन ठोके जायचे, मगच तो वात पेटवायचा.

बोगदे भिडायला आले तेव्हा पाटलांना पूजेची हुक्की आली. जरीचा फेटा सांभाळत ते आत शिरले, गड्यांना बाहेर काढलं आणि खडकाला हळदकुंकू लावत बसले. कंदील धरायला तेवढी तुळजाबाई. एवढ्यात पलीकडून दोन ठोके आले.

"मालक, बाहेर चला जल्दी. सुरुंग भरलाय."

"नारळ न फोडता? तू मला शिकवून राह्यली का?" म्हणत पाटलांनी नारळ खडकावर आपटला. कसला फुटतोय! कधी काम केलेले हात असतील तर ना. दुसऱ्यांदा दात-ओठ खाऊन आपटला, तेव्हा फुटला.

दोन ठोके झाले. पलीकडे पुंजारामला उत्तर पोचलं.

तुळजाबाईने कंदील खाली ठेवला. नवऱ्याच्या हातून खून होणार होता, आणि तोही असल्या माणसाचा! आता घण मारून उपयोग नव्हता; वात पेटवली की पुंजाराम तिथे थांबायचा नाही. पाटील मात्र खोबरं वेचत होते. तिने त्यांचा अंगरखा धरला आणि फरफटत बाहेर आणलं. दोघं विहिरीच्या तळाशी पडले आणि मागे बोगदा धडाडला.

संध्याकाळी पाटील चावडीवर सांगत होते की आपल्या नारळाने खडक दुभंगला. त्याआधी, तुळजाबाईचा हात लागला म्हणून त्यांनी अंगावर गोमूत्र शिंपडून घेतलं होतं.

पुंजाराम घरी आला तो घाबराच. "मालक लई तापलेत. तू त्यांच्या अंगाला हात लावला म्हनं. जाऊन माफी माग, मंग काम राहील."

तुळजाबाई भाकरी थापत होती.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला न्हाई लावणार."