गडाच्या दारातला मुलगा काय म्हणाला

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. गोष्ट एका चिनी सिनेमाची आहे. हसू नका — मलाही ती आधी हसण्यासारखीच वाटायची.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची. मी भंडाऱ्याकडून आलेला, मॅट्रिक झालेला, एका रशियन फिटरच्या हाताखाली. वर्षभरात त्याच्याकडून चाळीस-पन्नास शब्द उचलले — पाना, हळू, वर, खाली, आणि दोन शिव्या. तेवढ्यावर आमच्या क्वार्टरांच्या ओळीत मी रशियनचा पंडित झालो. वासरांत लंगडी गाय शहाणी! 'दुभाषी भाऊ' म्हणायचे मला. नाही म्हणायला नको होतं का? हवं होतं. पण गोड लागायचं हो ते.

रशियन लोकांसाठी मैदानात पडदा लावून सिनेमे दाखवत. मागे आम्हीही सतरंज्या टाकून बसायचो. त्या संध्याकाळचा सिनेमा चिनी होता, जुन्या काळच्या लढाईचा, बोलणं मात्र रशियन. मी मधोमध बसून सगळ्यांना अर्थ सांगत होतो. सांगत म्हणजे — रचत होतो. पाना आणि शिव्यांवर लढाई कशी कळणार?

शेवटी एक म्हातारा किल्लेदार गडावर उभा असतो. त्याचा मुलगा जखमी होऊन दाराशी येतो, वर बघून काहीतरी ओरडतो. बाप दार उघडत नाही. मुलगा तिथंच मरतो. काय म्हणाला, काय म्हणाला — सगळे मला विचारू लागले. मी ठोकून दिलं : "बाबा, दार उघडू नका, माझ्यामागं शत्रू आहे. गड राखा." शेजारच्या बोरकरांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर मी त्या सिनेमाचे गुणदोषही काढले. हजारभर घोडे, खरी धूळ, मरताना कुणी गाणं म्हणत नाही — हे गुण. सगळ्या सरदारांची दाढी एकसारखी, त्यामुळं मारतो कोण नि मरतो कोण ते कळत नाही. नगारे डोकं उठवतात — हे दोष. आणि सगळ्यांत मोठा दोष शेवट. एवढा करारी बाप, तो नंतर इतका वेळ रडतो कशाला? दारावर डोकं काय आपटतो? तिथं सिनेमा ढिला पडला, असं मी म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या.

आता बोरकरांचं सांगायला हवं. कारखान्यात जड लोखंड दोरांनी वर चढवायचं त्यांचं काम. त्यांच्या मुलाने, मुरलीने, जवळच्या कोहका गावच्या एका छत्तीसगढी मजूर मुलीशी लग्न केलं होतं, म्हणून त्यांनी त्याला घराबाहेर काढलं होतं. सिनेमानंतरच्या रविवारी, भर दुपारी, मुरली दारात आला. बाबा, बाबा म्हणून हाका मारत होता. बोरकर मागच्या अंगणातून माझ्याकडे आले.

"भाऊ, खरं सांगा. त्या पोरानं गडापाशी काय म्हणलं होतं?"

'मले नाही समजलं' — एवढंच म्हणायचं होतं. किती वेळ लागला असता?

"दार नका उघडू म्हणे," मी म्हणालो. "बापानं पक्कं राहाले पाहिजे."

ते परत गेले. दार उघडलं नाही. अर्ध्या तासाने मुरली निघून गेला. भिंतीपलीकडून बोरकर वहिनींचं रडणं मला ऐकू येत होतं.

तीन महिन्यांनी आमच्या साइटवर खऱ्या दुभाषी बाई आल्या, रशियन शिकलेल्या. चहाच्या वेळी त्या सिनेमाचा विषय निघाला. मी रुबाबात माझा तो मोठा दोष सांगितला. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हिंदीत म्हणाल्या, मुलगा तर सांगत होता, माझ्यामागं कुणी नाही, मी एकटाच आहे, दार उघडा. बापाने विश्वास ठेवला नाही. तो रडणार नाही तर काय करणार? सगळा सिनेमाच बापाच्या त्या चुकीवर आहे.

मी काय करून बसलो होतो? आज इतकी वर्षं झाली, पण त्या बाईंचं ते बोलणं अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

आणि ऐका — तेव्हा उशीर झालेला नव्हता. मुरली कुम्हारीच्या वीटभट्टीवर होता, सगळ्यांना ठाऊक होतं. बसने जाऊन त्याला आणता आलं असतं. फक्त बोरकरांना सांगायचं होतं की मला रशियन येत नाही. मी मूग गिळून बसलो. का? लोक हसतील म्हणून. बस, एवढ्यासाठी. दिवाळीनंतर मुरली बायकोच्या माणसांबरोबर आसामच्या चहाच्या मळ्यांकडे गेला. पुढं पत्र नाही, पत्ता नाही.

काही वर्षांनी बोरकर अंथरुणाला खिळले. त्यांनी मला बोलावून घेतलं. वहिनी उशाशी होत्या. ही मलाच दोष देते, ते म्हणाले, तो पोरगा काय म्हणाला ते हिला तुमच्या तोंडानं सांगा. मी सांगितलं. तेच सांगितलं — दार उघडू नका, गड राखा.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

"असं कोणतं लेकरू म्हणते जी, भाऊ?"

"म्हणते, वयनी," मी म्हणालो. "मी माह्या कानानं आयकलं."

'तुमाले माहीत,' त्या म्हणाल्या आणि नवऱ्याचे पाय चेपू लागल्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पहिल्या वेळी मला खरं माहीत नव्हतं. त्या दिवशी माहीत होतं.