पिन काढायला गेलेला कप्तान

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, अंतराळात अडकलेला एक कप्तान मी एकट्यानं, लोहा तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत, भर दुपारी सुखरूप जमिनीवर उतरवला होता. साक्षीला अख्खं गाव होतं. त्यातले बरेच आता हयात नाहीत. एक जण या उन्हाळ्यात लातूरच्या दवाखान्यात तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावून पडला होता. तो माझा थोरला भाऊ.

त्या काळी गावात वर्गणी काढून नांदेडहून व्हिडिओ आणत. रविवारी शाळेच्या खिडक्यांना पोती ठोकून अंधार करायचा आणि लागोपाठ तीन पिक्चर बघायचे. त्या रविवारी तिसरी कॅसेट इंग्रजी निघाली. अशा वेळी शिकलेल्या माणसानं टीव्हीशेजारी उभं राहून पिक्चर समजावून सांगायचा, हा आमच्याकडचा रिवाज. मी नुकताच नांदेडला अकरावीत गेलो होतो. इंग्रजी मला परग्रहवासीयांइतकंच कळायचं, पण मान चालून आल्यावर नाही म्हणायची आमच्यात पद्धत नव्हती. छडी घेऊन उभा राहिलो.

काय पिक्चर होता! चकचकीत काही नाही. तेलकट, खडखडणारं जुनं यान, मागं जोडलेला एक डबा, आणि जळत्या ग्रहावरून माणसं घेऊन निघालेला म्हातारा कप्तान. भाऊ पहिल्या रांगेत होता. ट्रॅक्टरचा मेकॅनिक, कानानं इंजिन ओळखणारा.

"आवाज नीट न्हाई ह्याचा," तो मोठ्यानं म्हणाला. "बंद पडतंय बघा आता."

आणि यान बंद पडलं! शाळा दणाणली. तिथून पुढं माझ्या इंग्रजीपेक्षा लोकांचा त्याच्यावर जास्त भरवसा बसला. मला जरा रागच आला.

शेवटाला मागच्या डब्यानं पेट घेतला. तो तोडल्याशिवाय पुढची माणसं वाचणार नव्हती, आणि जोडाची पिन अडकलेली. अगदी ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जोडात असते तशीच. कप्तान मागच्या डब्यात गेला, पिनेला हात घातला, आणि लाइट गेली.

तासभर वाट पाहिली. लोक चिडले, वर्गणी परत मागायची भाषा सुरू झाली. मग मी अंधारात छडी आपटली आणि शेवट सांगितला. कप्तानानं पुढं यानात परत येऊन आत बसूनच एक कळ दाबली, पिन निघाली, डबा सुटला, कप्तान घरी आला, वेशीवर हलगी वाजली, बायकोनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळ्यात आधी टाळ्या भावानं वाजवल्या. पुढं कित्येक वर्षं गॅरेजवर आलेल्या गिऱ्हाइकांना तो माझाच शेवट सांगायचा, हलगीसकट.

या उन्हाळ्यात डॉक्टरांनी वहिनीला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, फुफ्फुसं संपली, आता दिवसांचा प्रश्न आहे. वहिनी म्हणाली, "भावजी, त्यांना कायबी सांगू नका." मग काय, माझा हातखंडा प्रयोग सुरू झाला. दादा, सोमवारी घरी जायचं, असं सांगायचो. सोमवार गेला की पुढचा सोमवार. तो मान हलवायचा.

एक दिवस दुपारी त्यानं मास्क बाजूला केला. "तो पिक्चर दाव मोबाइलवर. शेवट बघायचा राहिलाय."

"सापडत नाही, दादा. नेट पण नाही इथं."

"मग काल जिन्यात बसून काय बघून राहिला व्हतास? तुझ्या वहिनीनं बघितलंय तुला."

खरं होतं. मी जिन्यात बसून शेवट बघितला होता, आणि म्हणूनच दाखवायचा नव्हता. पण वहिनीनं त्याची उशी उंच केली, माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि त्याच्यासमोर धरला.

कप्तानानं पिन ओढली. माणसांचं यान पुढं निघालं. तो मागच्या डब्यात राहिला. डबा लहान लहान होत गेला, ठिपका झाला, मग तोही दिसेना. हलगी नाही, बायको नाही. ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी तेवढं बुडबुडत होतं. वहिनी खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

मी घसा खाकरला. "जुन्या पिक्चरवाल्यांना शेवट नीट जमतच नव्हता, दादा. ते सोड. सोमवारी आपण..."

त्यानं मास्क ओढून काढला.

"गप ए गाढवा! कळ दाबून पिन निघत नसती, मला तवाच ठावं व्हतं. तू लई रंगून सांगून राहिला व्हतास, म्हणून टाळ्या वाजवल्या!"