फॉर्मवरचा दुकानाचा नंबर

पाथर्डीत त्या वर्षी कंप्यूटरला न घाबरणारे दोनच जीव होते. एक मी आणि दुसरी आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधली मांजर. मॉनिटर गरम झाला की ती त्याच्यावर चढून झोपायची आणि शेपटी नेमकी पडद्यावर सोडायची. बाकी सगळे, खुद्द इन्स्टिट्यूटचे मालक धरून, त्या खोलीत चपला काढून आणि आवाज खाली घेऊन यायचे.

मी तिथे मराठी आणि इंग्रजी टायपिंग शिकवत होते. गावाहून रोज जीपने यायचं, दिवसभर दहावी-बारावीच्या पोरांची बोटं वळवायची, संध्याकाळी जीपने परत. कंप्यूटर आला तेव्हा मालकांनी मला विचारलं, "बाई, जमेल का?" मी म्हटलं, टाइपरायटरच आहे, फक्त ओळ संपल्यावर घंटी वाजत नाही. आठवड्यात मी तो चालवायला लागले. मला माझ्या हातांचा गर्व होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नगरच्या जवळ एक नवी खाजगी शाळा निघाली होती. पाचवीपासून पुढे, राहायला वसतिगृह. संस्थाचालक हौशी असावेत, कारण त्यांनी जाहीर केलं की प्रवेशाचे अर्ज कंप्यूटरवरूनच घेणार. आमच्या तालुक्याचं केंद्र म्हणजे आमची इन्स्टिट्यूट, आणि इन्स्टिट्यूटचा कंप्यूटर म्हणजे मी. पालकांनी कागदावर फॉर्म भरून आणायचा, मी तो टाइप करायचा, मग फोनची वायर कंप्यूटरला जोडायची. ती वायर आधी शिट्ट्या मारायची, मग घसा खरवडल्यासारखा आवाज करायची आणि लागली तर शाळेच्या कंप्यूटरला लागायची. थोड्या वेळाने पडद्यावर अर्जाचा नंबर यायचा. नंबर जितका आधीचा, तितकं मुलाखतीचं बोलावणं आधी, आणि जागा भरल्या की दार बंद.

याद्या दोन होत्या. एक शहरांची, तिला हीऽ गर्दी. दुसरी खेड्यांची, त्या मुलांना फी माफ. शहरवाल्यांनी खेड्याच्या यादीत घुसू नये म्हणून अट घातली होती: रेशनकार्डही त्याच खेड्याचं हवं आणि फोन नंबरही. फोनची चौकट रिकामी सोडली तर कंप्यूटर पुढे सरकायचाच नाही, कारण मुलाखतीचं बोलावणं फोनवरच येणार होतं.

आता फोन कुणाकडे होते? आमच्याकडे पी.पी. नंबर असायचा. म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप आपला. लग्नाच्या बायोडेटावरसुद्धा लोक नंबर लिहून पुढे कंसात पी.पी. लिहायचे. एका बापाने मला पिठाच्या गिरणीचा नंबर दिला. खात्री करायला मी फोन लावला, तर पलीकडून पट्ट्याचा आवाज आणि "कोण? किती पायली?" एवढंच ऐकू आलं. तरी तो नंबर मी घातला. दळण नसेल तेव्हा ऐकू येईल, म्हटलं.

आमच्या गावात दोनच फोन होते. एक मोठ्या बागायतदाराच्या घरी, त्यावर त्याच्या नातवाचा अर्ज जाणार हे ठरलेलं. दुसरा स्टँडवरच्या किराणा दुकानात. माझी मुलगी तेव्हा चौथी पास झालेली. अर्ज सुरू व्हायच्या दिवशी मी मुद्दाम पहिल्या जीपने गेले. शटर निम्मं उघडलेलं, बाहेर रांग लागायला अजून अवकाश. मी मुलीचा फॉर्म टाइप केला, दुकानाचा नंबर घातला, वायर जोडली. खेड्यांच्या यादीत तिचा नंबर आला एक. मला वाटलं, किल्ली माझ्याकडे आहे, हात माझे आहेत, यात काय चुकलं? संध्याकाळी दुकानदाराला सांगून ठेवलं, "शाळेचा फोन आला की तसंच घरी पळत या." तो म्हणाला, "बाई, वजन सोडून येतो." घरी गेल्यावर मुलीने पाटीवर एकचा आकडा लिहिला आणि पाटी भिंतीला टेकवून ठेवली.

शेवटच्या दिवशी दुपारी, दोन वाजून गेले असतील, आमच्याच गावची एक बाई आली. ती आणि तिचा नवरा दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यातच परत यायचे. कारखान्यावरून आदल्या दिवशीच आले होते. अंगाला अजून उसाच्या पाचटाचा वास होता. बरोबर मुलगी, माझ्या मुलीच्याच वयाची. तिची निम्मी चौथी गावच्या शाळेत आणि निम्मी कारखान्यावरच्या पालांतल्या शाळेत झाली होती.

"बाई, पोरीचं तेवढं कंपूटरात टाका," ती म्हणाली. "लई उशीर न्हाई ना झाला?"

फॉर्म मुलीने स्वतः भरला होता, सुरेख अक्षरात. फक्त पत्त्याच्या चौकटीत तिने दोन पत्ते कोंबले होते. दिवाळी ते पाडवा अमुक कारखाना, गाडीतळाजवळ, कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी. पाडवा ते दिवाळी आमचं गाव. मी हसले आणि म्हटलं, "अगं, एकच लिहायचा असतो." ती म्हणाली, "मग खोटा हुईल ना." मी गावचा पत्ता टाइप केला, फोनच्या जागी दुकानाचा नंबर घातला, वायर जोडली. शिट्ट्या झाल्या, खरखर झाली आणि पडद्यावर लाल अक्षरांत आलं की हा नंबर आधीच नोंदला गेला आहे, अर्ज दुबार आहे.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मी वायर काढून त्याच फोनवरून शाळेला फोन लावला. पलीकडे तो प्रोग्राम बनवणारा तरुण होता. समजावणीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, लोक एकाच मुलाचे चार-चार अर्ज करतात. म्हणून एका फोनवर एकच अर्ज."

"अहो, एका फोनवर आमचं अख्खं गाव आहे!" माझा आवाज चढला. मांजर उठून गेली.

"आता बदल करता येणार नाही. पाचला लाईन बंद होईल. हवं तर आधीचा अर्ज रद्द करा, नंबर मोकळा होईल."

त्याला माहीत नव्हतं आधीचा अर्ज कुणाचा ते. मी फोन ठेवला. ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला यातलं काही कळलं नव्हतं, एवढंच कळलं होतं की काहीतरी अडलं आहे. तिने हळूच विचारलं, "न्हाई हुत का?" मग माझी समजूत काढावी तशी म्हणाली, "असू द्या बाई. न्हाई झालं तर यंदाबी हिला संगं नेती. धाकटं रांगाय लागलंय, त्याला संबाळाय कुनीतरी लागतंच कोपीवर."

मुलगी भिंतीवरचा कीबोर्डचा तक्ता वाचत उभी होती. तिने मान वळवली नाही, पण ओठांचं पुटपुटणं थांबलं.

मला स्वतःची लाज वाटली. रागही आला, त्या तरुणाचा, त्या लाल अक्षरांचा आणि सगळ्यांत जास्त त्या अर्ध्या उघडलेल्या शटरचा. किल्ली हातात होती म्हणून मी सगळ्यांच्या आधी घुसले होते. माझ्या नोकरीच्या दाखल्यावर तालुक्याचा पत्ता होता, इन्स्टिट्यूटचा फोन होता. माझी मुलगी शहराच्या यादीतही चालली असती. तिथे गर्दी होती म्हणूनच मी तिला खेड्याच्या यादीत घातलं होतं. या पोरीकडे दुसरी यादीच नव्हती.

तरी मी लगेच शहाण्यासारखी वागले असं नाही. चहा मागवला. तो प्यायले. घड्याळ बघितलं. साडेतीन वाजता माझ्या मुलीचा अर्ज रद्द केला. कंप्यूटरने खात्री करून घेतली, खरंच रद्द करायचा का? मी बटण दाबलं. मग ऊसतोडीवाल्यांच्या मुलीचा अर्ज पाठवला, तो खेड्यांच्या यादीत अडतिसावा लागला. त्यानंतर माझ्या मुलीचा अर्ज शहराच्या यादीत, इन्स्टिट्यूटच्या फोनवर. त्याचा नंबर तीन आकडी आला. बाई दोन्ही हात जोडून गेली. तिला मी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती.

घरी मात्र सांगावं लागलं. मुलीने सगळं ऐकून घेतलं, पाटी उचलली आणि ओल्या फडक्याने पुसली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. "जेव" म्हटलं की जेवायची, "झोप" म्हटलं की झोपायची, पण शब्द नाही. मी केलं ते बरोबर होतं याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, पण ते चार दिवस मला फार जड गेले.

दुकानदाराला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे विसरले नव्हते, रोज जीपमधून उतरल्यावर त्याच्यासमोरूनच जात होते. नुसतं जिवावर येत होतं. फक्त त्या बाईला बजावून ठेवलं होतं की तुझं बोलावणं दुकानावर येईल.

मे महिन्यात एका रविवारी, दहा-अकराच्या सुमाराला दुकानदार खरंच पळत आला. हाताला गूळ चिकटलेला. "बाई, चला! शाळेचा फोन! तुमच्या पोरीला बोलीवलंय!"

माझी मुलगी चप्पलसुद्धा न घालता उठली. तिचा चेहरा असा उजळला की माझ्याच्याने तिला थांबवलं गेलं नाही. मला माहीत होतं तो फोन कुणासाठी आहे. तरी रस्ताभर माझंही मन म्हणत होतं की कदाचित गडबड झाली असेल, कदाचित रद्द झालाच नसेल. माणूस लबाड असतो, मी काही वेगळी नाही.

दुकानात रिसीव्हर तेलाच्या डब्यावर ठेवलेला होता. मी उचलला. पलीकडच्या माणसाने विचारलं, "मुलीची आई बोलताय ना?" आणि नाव वाचलं ते ऊसतोडीवाल्यांच्या मुलीचं. माझी मुलगी माझ्या इतकी जवळ उभी होती की तिलाही ते ऐकू गेलं.

"नाही," मी म्हटलं. "आई वस्तीवर आहे. बोलावते, थांबा."

"थांबता येणार नाही. अर्ध्या तासाने पुन्हा करतो. कोणी भेटलं नाही तर पुढच्या नंबरला बोलवावं लागेल."

वस्ती ओढ्यापलीकडे, चांगली लांब. दुकानदाराला सगळा उलगडा व्हायला वेळ लागला, तो म्हणाला, "मंग आता पाठवायचं कुनाला?" मी पदर खोचला आणि निघणार तेवढ्यात मुलगी म्हणाली, "तुला पळता येत नाही, आई. मी जाते." त्या चार दिवसांची अढी सुटल्यावरही ती माझ्याशी मोजकंच बोलायची, त्यात हे सगळ्यांत मोठं वाक्य होतं. आणि ती गेली, अनवाणी, त्या उन्हात.

इन्स्टिट्यूटचा फोन त्या उन्हाळ्यात आमच्यासाठी वाजला नाही. माझी मुलगी पाथर्डीच्या शाळेत गेली, रोज माझ्याबरोबर जीपने, आणि शाळा सुटली की इन्स्टिट्यूटमध्ये बसून टायपिंग शिकली. तिचे हात माझ्यापेक्षा वेगाने चालतात, हे मी तिच्या तोंडावर कधी कबूल केलेलं नाही.

त्या रविवारी इकडे दुकानदार घड्याळ बघत होता. मी गिऱ्हाइकांना फोनपासून लांब ठेवत होते. वीस मिनिटं झाली असतील, तेव्हा तिघी ओढ्याच्या चढावर दिसल्या. पुढे दोन्ही मुली हात धरून पळत होत्या, मागे ती बाई. हाताला भाकरीचं पीठ तसंच. ती दुकानात पोहोचली आणि फोन वाजला. मी रिसीव्हर तिच्या हातात दिला. तिने तो उलटा धरला. माझ्या मुलीने तो सरळ करून तिच्या कानाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

"व्हय," ती फोनमध्ये ओरडून म्हणाली. "व्हय, मीच आई. व्हय. सोमवारी? आनते की." पलीकडून पत्र पाठवण्यासाठी पत्ता विचारला असावा, कारण ती सवयीने सांगू लागली, "दिवाळीपातूर हितंच, गावात. मंग फुडं कारखान्यावर, गाडीतळाजवळ..." आणि मधेच थांबली. तिने आपल्या मुलीकडे पाहिलं. पिठाचा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"कारखान्याचा पत्ता आमचा, सायेब," ती म्हणाली. "पोरीचा न्हाई. पोरीचा आता तुमचाच लिवा."