दुसरी टोपली

तिने समोरची टोपली चॉपस्टिकच्या टोकाने माझ्याकडे ढकलली. हाताने नाही, काडीच्या टोकाने. मग वेटरला बोलावून म्हणाली, "भिया, मेरे लिए एक अलग से ले आना." टोपलीत अजून तीन डिमसम होते. इंदूरच्या एबी रोडवरचं नवं चायनीज हॉटेल, दुपारची वेळ, एसी चालू, आणि माझे कान तापलेले.

पाच मिनिटांआधी आम्ही दोघी त्याच टोपलीतून खात होतो. हे आधीच सांगते, कारण नंतर ती म्हणाली की तिला कुणाचं जूठं चालत नाही, लहानपणापासूनची सवय आहे. खोटं. साफ खोटं. त्या काड्या मला धरता येईनात, तर तिनेच हसून स्वतःच्या काड्या बाजूला ठेवल्या आणि हाताने खायला लागली. ते डिमसम म्हणजे वाफेवरचे मोदकच, आत गुळाच्या जागी तिखट. एक मला झोंबला म्हणून अर्धा खाऊन ठेवला, तर माझा तो अर्धा तिने उचलून तोंडात टाकला. तेव्हा चाललं होतं.

आमची ओळख कम्प्यूटरवरची. मी तेव्हा स्नेहलतागंजात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ऑपरेटर होते. काम आटोपलं की खालच्या सायबर कॅफेत जाऊन बसायचं. इंदूरच्या मराठी लोकांची एक चॅट रूम होती, तिथे ती भेटली. आठ महिने रोज बोललो. मराठी इंग्रजी अक्षरांत, त्यातही अर्धी हिंदी. कॉलेज कसं सुटलं, भावाशी का पटत नाही, जे आईला सांगितलं नव्हतं ते सगळं तिला लिहिलं. आडनाव तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मैत्रीण म्हणावी अशी माझी ती एकटीच. समोरासमोर पहिलीच भेट, म्हणून वहिनीचा नवा कुर्ता मागून घालून गेले होते. आपण तिला आवडावं, ही मैत्री टिकावी, बस एवढंच त्या दुपारी मला हवं होतं.

बोलता बोलता तिने घरचं सांगितलं. पणजोबा दरबारात नोकरीला, आजोबा मिलमध्ये वीव्हिंग मास्टर, अख्खं विणाईखातं त्यांच्या हाताखाली. मिलचं नाव निघालं आणि मी विरघळले. आम्हा मिलवाल्यांचं हे असंच असतं. मिल बंद पडली, भोंगा थांबला, माझे बाबा सांवेर रोडवर कुणाच्या तरी गोडाऊनचे चौकीदार झाले. पण कुणी मिलचं नाव काढलं की आम्हाला माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. कोणतं खातं, कोणती पाळी, सगळं सांगून मोकळे होतो. मीही मूर्खासारखी बोलून गेले, माझे बाबा पण तिथेच होते, रिंगखात्यात, अख्खी नोकरी.

"रिंगमध्येच? साच्यावर नाही गेले कधी?" तिने विचारलं.

"नाही."

बस. तिला कळलं. मला कळायला टोपली सरकावी लागली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. त्यात आडवं सूत घेऊन धावतो तो धोटा. धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. एका पाळीवाल्याचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्या पाळीवाल्याच्या तोंडी. म्हणून साच्यावर आमची माणसं नकोत. आम्ही महार, आजोबा खानदेशातून पोटासाठी इथे आलेले. आम्हाला रिंगखातं, जिथे सूत निघतं. साच्यावर पगार जास्त होता, बाबांचा हात चांगला होता, पण आमची थुंकी आडवी आली. वीव्हिंग मास्टरच्या नातीला हे सगळं घरबसल्या पाठ. तिने जात विचारलीच नाही, खातं विचारलं. शिकलेली माणसं अशी विचारतात.

वेटरने दुसरी टोपली तिच्यासमोर ठेवली. मी विचारलं, काय झालं. तेव्हा ते जूठ्याचं उत्तर. आणि वर म्हणाली, "तू मनावर घेऊ नकोस यार. मी असलं काही मानत नाही."

असलं काही म्हणजे काय? मी तर कशाचं नावही घेतलं नव्हतं.

आधी रडूच आलं. काहीतरी काम आठवल्याचं सांगून निघावं म्हणून पर्स उचलली. उठायला लागले आणि डोकं सणकलं. मी का उठू? मी काय चोरी केली? पर्स खाली ठेवली आणि तिला म्हटलं, "माझ्या बाबांच्या हाताचं सूत तुझ्या आजोबांचे साचेवाले तोंडाने ओढत होते. जन्मभर. तेव्हा कुणी बाटलं नाही?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत."

हात लांब करून तिच्या टोपलीतला एक उचलला आणि खाल्ला. ती त्या टोपलीकडे बघत राहिली. मग दुपट्टा सावरत म्हणाली, नंतर बोलू, ऑनलाइन. आणि गेली. दोन्ही टोपल्या माझ्यापुढे. एकेक करून सगळे खाल्ले, घाई न करता. बिल मीच दिलं.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "कशाला बसलीस बेटा, उठून यायचं." मला त्यांचाही राग आला. मिलमध्ये नळावर कुणी नाक मुरडलं की हे उठायचे. सुट्टीत डबा उघडला आणि शेजारचा गप्प झाला की हे उठायचे. समोरचा बसून जेवायचा आणि आमच्या घरात बाबांच्या उठण्याला शहाणपण म्हणायचे. मी त्यांना म्हटलं, बाबा, आता हे बंद.

तिचे मेसेज येत राहिले, गैरसमज झाला म्हणून. मी एकच उत्तर लिहिलं, गैरसमज नाही, नीट समजलंय.

आता कुठेही गेले, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, कुणाच्या घरी, की मी आधीच सांगून टाकते. आम्ही महार, बाबा रिंगखात्यात. एवढं सांगायचं, ताट पुढे ओढायचं आणि जेवायला लागायचं. ज्याला माझ्याबरोबर खायचं नसेल, त्याने उठावं.