तालिस खाली झोपायचा

तालिस ब्रेन्सिसला खाली झोपवलं ते त्याच्या वजनामुळे. सिगुल्दा गावच्या क्लबात दुहेरी ल्यूजसाठी जोड्या लावायच्या होत्या. कोच ओयार्सने पोरांना एकेक करून काट्यावर उभं केलं आणि सांगितलं, "जड वर, हलका खाली." तालिसच्या वाट्याला जड आला तो एग्नार्स स्काबे. त्यानंतर तालिसची तरुणपणाची सगळी वर्षं खालीच गेली.

ल्यूज म्हणजे बर्फाच्या नळीसारख्या उतारावरून पाठीवर झोपून, पाय पुढे करून सुटणारी घसरगाडी. दुहेरीत दोघं एकावर एक झोपतात. वरच्याला पुढचं थोडंफार दिसतं, खालच्याला वरच्याचं हेल्मेट दिसतं. वळण आलं की वरचा डोकं किंचित हलवून खूण देतो. मग वरचा पायांनी आणि खालचा खांद्यांनी गाडी वळवतो. वळणावर मानेवर जो भार येतो त्याला मान तयारच करावी लागते. तालिस उन्हाळाभर डोक्याला पट्टा बांधून त्याने लोखंडाची वजनं उचलायचा. आई म्हणायची, "एवढ्या मेहनतीत एक गोठा उभा राहिला असता."

टीव्हीवर फक्त वरचा एग्नार्स दिसायचा. बाजारात राईचा पाव विकणाऱ्या मिर्झा मावशींना याचं कोडं होतं.

"तू नक्की काय करतोस रे तिथे?"

"झोपतो."

"त्याचे पैसे देतात?"

"थोडे."

"मग वाईट नाही," मावशी म्हणाल्या आणि शिळ्यातला पाव मागे सारून ताजा दिला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडीखालच्या पोलादी पट्ट्या घासायच्या असतात. आधी जाड कागदाने, मग बारीक, मग त्याहून बारीक. हे काम दोघं मिळून करायचे. एग्नार्स बोलत घासायचा, तालिस नुसता घासायचा. एग्नार्सची बाजू बरी व्हायची. तालिसची बाजू झाली की हात पुढे करून तो एग्नार्सची बाजूही पुन्हा घासायचा. एग्नार्सला त्याचं काही वाटत नसे. "मी बोलतो म्हणून तुझा हात चालतो," असं तो म्हणायचा.

दोघांनी पुष्कळ शर्यती जिंकल्या. ऑलिंपिक मात्र राहिलं. एकदा एग्नार्सचं खांद्याचं हाड मोडलं, एकदा दुसरी जोडी डोळ्याची पापणी लवायच्या आत पुढे गेली. आता शेवटची संधी होती. पुढच्या वेळेपर्यंत दोघंही म्हातारे होणार, निदान ल्यूजच्या हिशेबाने.

त्या हिवाळ्यात एक चमत्कारिक गोष्ट झाली. परदेशातल्या प्रत्येक ट्रॅकवर ते मागे पडले. कधी भिंतीला घासले, एकदा उलटलेही. घरी सिगुल्दात मात्र ते कधी नव्हे इतके वेगाने उतरत होते. कोच म्हणाला, परक्या बर्फाचा दोष. वर्तमानपत्राने लिहिलं, एग्नार्स स्काबेचा हात आता मुरला आहे, तो उगाच गाडी हलवत नाही.

तो गाडी हलवत नाही हे तालिसला सगळ्यात आधी कळलं होतं. खूण उशिरा येत होती. मग वळण संपल्यावर येऊ लागली. मग येईनाशीच झाली. सिगुल्दाचं प्रत्येक वळण तालिसच्या पाठीला ठाऊक होतं, म्हणून खुणेची वाट न पाहता तो खांदे टाकायचा आणि गाडी वळायची. परक्या ट्रॅकवर पाठीला काहीच ठाऊक नसायचं.

ऑलिंपिकची निवड शर्यत सिगुल्दातच होती. तिच्या आदल्या दिवशी पट्ट्या घासताना एग्नार्सने बारीक कागद समजून जाड कागद उचलला. तालिसने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"तुला दिसत नाही," तालिस म्हणाला.

एग्नार्सने रिकामा हात पट्टीवरून फिरवला.

"उजव्याने अजिबात नाही," तो म्हणाला. "डाव्याने कडेकडेचं. आदळून आदळून झालं असेल."

"तपासणीत कसा सुटलास?"

"डॉक्टरच्या भिंतीवरची अक्षरं पाठ आहेत."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुला तरी कुठे दिसतं? इतकी वर्षं न बघता उतरतोयस. मी काही तक्रार केली?"

"मला कधीच दिसत नव्हतं. मला सवय आहे."

एग्नार्सने कपाळ चोळलं. "उद्याचं एक उतरू. निवड होऊ दे. ऑलिंपिक झालं की त्याच दिवशी डॉक्टरकडे जातो. आपण काय यासाठी मरमर केली नाही का, तालिस?"

केली होती. तालिस एवढंच म्हणाला, "उद्या पाय हलवू नकोस."

दुसऱ्या दिवशी एग्नार्सने पाय हलवले नाहीत. सुरुवातीला दोघांनी जोर लावून गाडी सोडली, मग एग्नार्स ओंडक्यासारखा पडून राहिला आणि बाकीचं तालिसने केलं. ते पहिले आले. ट्रॅकवर इतकी चांगली वेळ त्यांनी आजवर दिली नव्हती. लोक टाळ्या वाजवत होते. एग्नार्स उठला, हसत पुढे गेला आणि कोचचा हात समजून बर्फ साफ करणाऱ्या माणसाचा हात जोरजोरात हलवू लागला. त्या माणसाने फावडं बगलेत धरलं आणि तोही हात हलवू लागला. सगळ्यांना वाटलं, गडी खुशीत आहे.

तालिसने हेल्मेट काढलं. कोच दोन पावलांवर उभा होता. एग्नार्सने त्याला ओलांडूनच पलीकडचा हात धरला होता.

"कोच," तालिस म्हणाला, "आमचं नाव काढा."

"डोकं आपटलंस का?"

"एग्नार्सला दिसत नाही."

"अरे, आत्ता पहिला आलाय तो."

"मी आणलंय त्याला खाली."

"न बघता?"

"इथे येतं मला. ऑलिंपिकच्या ट्रॅकवर दोघांनाही दिसणार नाही."

ओयार्सने एग्नार्सकडे पाहिलं. तो अजून त्या फावडेवाल्याचे आभार मानत होता. ओयार्सने हातातली वेळेची चिठ्ठी घडी करून खिशात टाकली आणि मोटारीची चावी शोधू लागला.

रीगा शहरातल्या डॉक्टरणीने सांगितलं की दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटलेत. उजवा डोळा गेलाच. डाव्याचं ऑपरेशन आजच केलं तर तो वाचेल, आणखी थोडे हादरे बसले असते तर तोही गेला असता. एग्नार्सने विचारलं, ऑलिंपिकनंतर केलं तर? डॉक्टरणीने नर्सला बोलावलं. बाहेर बाकावर तालिस बसला होता. आत जाताना एग्नार्स त्याच्यासमोर थांबला. "माझ्यासमोरून ऊठ," म्हणाला. तालिस बाकावरून उठला, पण ऑपरेशन होईपर्यंत दवाखान्यातून गेला नाही.

ऑलिंपिकला दुसरी जोडी गेली. तालिसने ती शर्यत टीव्हीवर पाहिली. तिसऱ्या वळणावर त्याने आरामखुर्चीत डावा खांदा टाकला. पडद्यावरच्या खालच्याने टाकला नाही, आणि गाडी भिंतीला घासली. मग त्याने टीव्ही बंद केला आणि गोठ्याचं काम काढलं. आईला खरं वाटायला वेळ लागला, पण गोठा चांगला झाला.

एग्नार्स महिनोन्महिने बोलला नाही. रस्त्यात दिसला तर दुसऱ्या बाजूने जायचा. एका डोळ्याने त्याला तालिस लांबून ओळखता येत होता, हे तालिसने मनाशी नोंदवलं. त्याला ते बरं वाटलं.

उन्हाळा संपता संपता, जंगलात अळंबी निघते तेव्हा, एग्नार्स टोपली घेऊन दारात उभा राहिला.

"येतोस?"

तालिसने बूट चढवले. गाउया नदीच्या उतारावर दोघं वाकून वेचत राहिले. पिवळी, गुबगुबीत अळंबी चिक्कार निघाली होती. परतताना तालिसने एग्नार्सच्या टोपलीत डोकावलं. वर एक पांढरी, मोठी, देखणी ठेवलेली होती.

"ही विषारी आहे," तालिस म्हणाला.

"माहीत आहे. ती तुझ्या वाट्याची."

तालिसने ती उचलून झुडपात फेकली.

"टाकलीस कशाला?" एग्नार्स म्हणाला. "एका डोळ्याने शोधली होती."